सढळ शिवण

शिंप्याकडे टाकलेलं कापड सगळंच्या सगळं अंगावर परत येत नाही, ही समजूत जगाच्या पाठीवर कुठेही जा, सापडायचीच. त्यात शिंपीण जर स्वतःच्याच तोंडाने जास्त कापड मागत असेल, तर मग विचारायलाच नको! हातभर मावशींचं नेमकं हेच झालं होतं. कोट असो, शाळेचा स्कर्ट असो, नाहीतर कुणा आजोबांची पँट असो, माप घेऊन झालं की टेप गळ्यात टाकायची आणि म्हणायचं, "सांगितलंय त्यापेक्षा हातभर जास्त आणा." गिऱ्हाईक बदलायचं, वाक्य बदलायचं नाही. शेवटी सगळी गल्ली त्यांना हातभर मावशी म्हणायला लागली. मागून कुजबुजत नाही हं, चांगली तोंडावर. आणि मावशी त्या हाकेला ओ द्यायच्या.

मावशींचं घर म्हणजे पुढची खोली दुकान आणि मागची खोली संसार. पुढच्या खोलीत खिडकीशी दोन पायमशीन, मधे एक लांब टेबल, टेबलाच्या कडा कापड ओढून ओढून गुळगुळीत झालेल्या. भिंतीवरच्या खिळ्याला चिंध्यांची पिशवी. एका मशीनवर मावशी बसायच्या, दुसऱ्यावर त्यांची सून. मुलगा बस चालवायचा, तो सकाळी जायचा आणि दिवेलागणीला यायचा. त्यामुळे दिवसभर या दोघीच, समोरासमोर. सासू-सून दिवसभर समोरासमोर आणि मधे दोन कात्र्या, तरी कधी रक्त सांडलं नाही, असं मुलगा कौतुकाने सांगायचा.

सून होती तोंडाने फटकळ आणि हाताने चपळ. लग्न होऊन आली तेव्हा मात्र अगदी काडी. माहेरी खाणारी तोंडं भरपूर आणि कमावणारा एक बाप. त्या बापाने लग्नात मुलीला कोटाचं कापड दिलं, बाटलीसारखं हिरवं, जाड, उबदार. सासू स्वतः शिवणार होती, आणि कापड आणायच्या वेळी सासूने निरोप धाडला होता, "हातभर जास्त आणा." बापाने पदराला खार लावून जास्त आणलं. कोट शिवून झाला. सुनेची आई भेटायला आली, तिने कोटाच्या बाह्या हातात धरून पाहिल्या आणि लेकीला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या या एवढ्याशा अंगाला एवढं कापड लागतं होय गं? बाकीचं गेलं कुठं?"

सुनेने तेव्हा उत्तर दिलं नाही. नवीन घर, नवीन माणसं, काय बोलणार? पण तो प्रश्न तिच्या मनात जाऊन बसला. दोन हिवाळे कोट वापरला, मग तो काखेत आणि कमरेत दाटायला लागला, बटण लागेना, आणि कोट ट्रंकेच्या तळाशी गेला. सून मशीनवर बसायला शिकली ती त्यानंतर. शिकली आणि बाकी सगळ्या गल्लीचे कपडे खालीवर केले, पण स्वतःचा कोट काही तिने पुन्हा बाहेर काढला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बाकी मावशींच्या शिवणकामात लपवण्यासारखं काही नव्हतं. शिवणीच्या आत, टिपेच्या पलीकडे जे कापड राखून ठेवतात, त्याला शिंपीकाम करणारे माया म्हणतात. इतर शिंपी बोटभर माया ठेवतात, आणि तीही नाइलाजाने. मावशी ठेवायच्या चांगली तीन-चार बोटं. स्कर्टची खालची दुमड तर वीतभर. शिवाय आत एका टिपेत दुसरी टीप अशी घालायच्या, की पहिली उसवली की कपडा आपोआप पुढच्या मापाचा व्हावा. पोर वाढलं की आई कपडा घेऊन मागच्या दाराने यायची. मावशी ब्लेडने टीप उसवायच्या, इस्त्री फिरवायच्या आणि कपडा परत. याचे त्या काही घेत नसत. "नवीन काय शिवलंय मी? आधीच शिवून ठेवलं होतं, ते फक्त सोडलं," म्हणायच्या.

ही सवय त्यांना लागली कशी, ते त्यांनी सुनेला एकदाच सांगितलं होतं. नवरा गेला तेव्हा मुलगा लहान होता. मावशी एका म्हाताऱ्या टेलरमास्तराकडे काज-बटणं करायच्या. मास्तर कापड वाचवण्यात इतका पटाईत, की माणूस कपड्यात श्वास घेईल हे त्याच्या हिशेबातच नसायचं. मुलाचा शाळेचा शर्ट त्यानेच शिवला, उपकार म्हणून. वर्ष सरायच्या आत पोराने हात वर केला आणि भर वर्गात शर्ट पाठीवर फाटला. सगळा वर्ग हसला. पोरगं घरी आलं आणि म्हणालं, मी शाळेत जाणार नाही. मावशींनी शिवण उलटी करून पाहिली, तर आत सोडायला धागाभरही कापड नव्हतं. "शर्ट फाटला त्याचं काही नाही गं," त्या सुनेला म्हणाल्या होत्या, "पोरगं वाढलं म्हणून त्याला लाज वाटली. वाढल्याची लाज! अशी लाज कुणाच्या पोराला वाटू नये." आणि मग एकदम, "बॉबिन संपली बघ तुझी," म्हणून विषय बंद.

जवळच्या शाळेचे गणवेश मावशींकडेच असायचे. शाळा ताग्याने कापड घ्यायची, मावशींकडे पाठवायची आणि मावशी सगळ्या पोरांचे कपडे शिवून द्यायच्या. घर चालायचं ते या कामावर. कोट, पँटी ही वरची कमाई. शाळेच्या फाटकाशी एक फळा होता. त्यावर भाषेच्या बाई रोज एक शब्द लिहायच्या, त्याचा अर्थ आणि तो कुठून आला ते. मावशी सकाळी पाव आणायला जाताना फळ्यासमोर थांबून वाचायच्या आणि घरी येऊन सुनेला त्या शब्दाने छळायच्या. 'अजागळ' लिहिला होता त्या दिवशी तर सुनेची धडगत नव्हती.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना गल्लीच्या तोंडाशी एक रेडिमेडवाला आला. काचेचं दुकान, दिव्यांचा लखलखाट, दारात पुतळे. त्याने शाळेत जाऊन हेडबाईंना सांगितलं, की हाच तागा मला द्या, मी यातून कितीतरी जास्त गणवेश काढून दाखवतो. वर हसत म्हणाला, "आता उरलेलं कापड इतकी वर्षं कुठे जात होतं, ते मी कशाला सांगू? बाईंचं नावच हातभर आहे म्हणे."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! पण असली बोलणी पायांनी चालत नाहीत, त्यांना पंख असतात. दोन दिवसांत गल्लीभर झालं, की मावशी कापड खातात. ज्यांनी कधी मावशींच्या खुर्चीवर बसून चहा प्यायला होता, ती माणसंही म्हणायला लागली, "आग असल्याशिवाय धूर निघत नाही बाई." हेडबाईंनी निरोप पाठवला, की सोमवारी सकाळी येऊन खुलासा करा, नाहीतर पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे जाईल.

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. काम गेलं तर दुकान गेलं, आणि चोर म्हणून गेलं तर पुन्हा कुणी कापड हातात देणार नाही. मावशी मात्र ढिम्म. "मी चोर नाही हे सांगायला मी पायऱ्या चढणार नाही," म्हणाल्या. "कर नाही त्याला डर कशाला?"

"डर नसेल तुम्हाला, मला आहे!" सून उसळली. "आई, अहो, साधी गोष्ट आहे. ज्यांचे कपडे आपण सोडून दिले, त्यातल्या चार जणींना घेऊन जाते. बेकरीतल्या ताईंना तर नक्कीच. तिन्ही पोरांचे कपडे आपण सोडलेत. त्या सांगतील की."

मावशींनी मशीन थांबवलं. "त्या मागच्या दाराने का येतात, कधी विचार केलास? पुढचं दार काय बंद असतं? एकही नाव घ्यायचं नाही. कुणाच्या पोराला पुढे उभं करून त्याचा कपडा उलटा करून दाखवायचा नाही. त्यापेक्षा मला चोर म्हणू देत."

"मग मी तिथे जाऊन काय बोलू? तोंडात मूग धरून बसू?"

"तुझ्या तोंडात मूग टिकतील असं मला तरी वाटत नाही," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

सोमवारी सून एकटी गेली. हेडबाईंच्या खोलीत रेडिमेडवाला आधीच येऊन बसला होता. टेबलावर त्याने शिवून आणलेला नमुन्याचा गणवेश, इस्त्री अशी की घडीने बोट कापावं. भाषेच्या बाई कोपऱ्यात वह्या तपासत बसल्या होत्या, त्यांचा पहिला तास रिकामा होता. हेडबाई तशा वाईट नव्हत्या. त्यांनी सरळ विचारलं, "हे बघा, आरोप करायचा म्हणून मी बोलावलं नाही. एवढंच सांगा, हे म्हणतात त्यापेक्षा तुम्हाला कापड इतकं जास्त का लागतं? ते जातं कुठं?"

कापड जातं कुठं. हा प्रश्न सुनेने आधी एकदा ऐकला होता, आणि तेव्हाही ती गप्पच बसली होती. या वेळी तिने तोंड उघडलं. "आम्ही शिवणीत माया जास्त ठेवतो," ती म्हणाली.

"ठेवता असं म्हणता," रेडिमेडवाला म्हणाला. "आत शिवलेलं, दिसणार कुणाला? कपडे त्यांचे ढगळ होतात एवढं मात्र दिसतं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला.

सुनेच्या जिभेवर बेकरीतल्या ताईंचं नाव अगदी टोकाशी आलं. तिने ते गिळलं. आयुष्यात इतकं अवघड काही तिने गिळलं नव्हतं. हेडबाई वाट बघत होत्या. घंटा झाली, बाहेर मैदानात पोरं रांगा लावायला लागली, आणि त्या गलक्याने तिने खिडकीबाहेर पाहिलं.

पाहिलं आणि पाहतच राहिली. रोज बघितलेली पोरं, पण अशी एकदम, इतक्या रांगांत, सकाळच्या उन्हात तिने कधी पाहिली नव्हती. मोठ्या पोरींच्या स्कर्टच्या खालच्या कडेला निळ्या रंगाचा पट्टा, वरच्या धुवून विटलेल्या निळ्यापेक्षा गडद. धाकट्या पोरींच्या स्कर्टवर पट्टा नव्हता. मधल्या रांगांत एक पट्टा, मागच्या रांगांत एकाखाली एक असे दोन, खालचा वरच्याहून गडद. पोरांच्या पँटींच्या पायांशी तेच, शर्टांच्या कुशीत उभे पट्टे तसेच. जिथे जिथे टीप उसवली होती, तिथे तिथे आतलं न विटलेलं कापड बाहेर आलं होतं. आणि पट्टा नाही असं मोठं पोर त्या अख्ख्या मैदानात शोधून सापडलं नसतं. मग कोण गरिबाचं आणि कोण सधनाचं, कुणी ओळखावं?

"बाई, जरा खिडकीशी या," ती म्हणाली. "तुमचं कापड मैदानात उभं आहे. सगळं. मोजून घ्या."

हेडबाई उठल्या. पहिल्यांदा त्यांना काही कळलं नाही. सुनेने काचेवर बोट ठेवून गडद पट्टा दाखवला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. हेडबाईंचा हात हळूहळू तोंडाशी गेला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे मी रोज बघते. मला वाटायचं, ही डिझाईनच आहे!"

भाषेच्या बाई वह्या टाकून उठल्या होत्या. त्यांनी रेडिमेडवाल्याचा नमुना उचलला, उलटा केला आणि शिवण नखाने चाचपली. आत करंगळीच्या नखाएवढं कापड. मग नमुना तसाच उलटा टेबलावर ठेवला. रेडिमेडवाल्याला एकाएकी दुकान उघडायची आठवण झाली.

"सासूबाईंना सांगा," हेडबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तागे तेवढेच येतील." मग जरा थांबून म्हणाल्या, "नाही. सांगा, हातभर जास्तच पाठवते. आणि मी येते घरी. पुढच्या दाराने येते, सगळ्यांना दिसू दे."

सून घरी पळतच आली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं काय विचारलं, तर "नाव कुणाचं घेतलंस?" सुनेने नाही म्हणून सांगितल्यावर मग कुठे त्यांनी सुस्कारा सोडला. मग डोळे पुसले. मग म्हणाल्या, "डिझाईन वाटायची म्हणे. शाब्बास!" आणि दोघी हसत सुटल्या, ते पोटात दुखेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मावशी पाव घेऊन आल्या त्या जरा घुश्श्यातच. "जा, बघून ये तुमच्या बाईंनी काय लिहून ठेवलंय," म्हणाल्या. सून गेली. फळ्यावर बाईंच्या ठसठशीत अक्षरात होतं:

'सढळ. मूळ शब्द शिथिल. शिथिल म्हणजे सैल, आवळून न बांधलेलं. बोलता बोलता शिथिलचा सढळ झाला. आधी तो दोरीची गाठ सैल असली तर म्हणत असतील, मग हाताला म्हणू लागले. देताना ज्याची मूठ आवळलेली नसते, त्याचा हात सढळ. उलट अर्थी: हात आखडता घेणे. समोरच्याला वाढायला जागा ठेवतो तो सढळ.'

शेवटचं वाक्य कुठल्या कोशात नसणार, ते बाईंनी पदरचं घातलं होतं, हे सुनेलाही कळलं. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. येणारी-जाणारी पोरं फळा वाचत होती, आणि त्यांच्या पायांशी ते गडद पट्टे. तिला बाईंचे पाय धरावेसे वाटले. त्याहून जास्त कुणाचे, ते तिचं तिलाच माहीत.

"वाचलंस?" घरी आल्यावर मावशींनी विचारलं. "आयुष्यभर कपडे मापात शिवले आणि शेवटी मला सैल ठरवलं. बाईंना फळा रिकामा बघवत नाही."

पण सुनेचं लक्ष नव्हतं. वाढायला जागा, हे दोन शब्द तिच्या डोक्यात फिरत होते. ती मागच्या खोलीत गेली, ट्रंक उघडली आणि तळातून हिरवा कोट काढला. कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. तिने ब्लेडने अस्तराची कड उसवली, हात आत घातला, आणि हात आत जातच राहिला. कुशीत कापड, पाठीच्या मधोमध कापड, बाह्यांत कापड. शाळेच्या कुठल्याही गणवेशात नव्हती एवढी माया त्या एका कोटात होती. टिपेत टीप, आणि त्या टिपेत आणखी एक टीप. बापाने पदराला खार लावून आणलेलं ते हातभर कापड, सगळं तिथे होतं, नवं कोरं, त्या दिवशी होतं तेवढंच हिरवं.

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काढलास एकदाचा?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत कसर लागणार त्याला."

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?" सून जवळजवळ ओरडलीच.

"काय बोलू? तू जाड झालीस, आण कोट, सोडून देते? हे सासूने सांगायचं? मला या घरात राहायचंय गं."

सुनेला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. "पण आई, मी तेव्हा काडी होते. मी अशी भरेन हे तुम्हाला काय माहीत?"

"माहीत कसलं? मी ठरवलं होतं." मावशी खाली बसल्या, तिच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं आणि कुशीची टीप उसवायला लागल्या. "माप घेताना तुझ्या बरगड्या टेपला लागत होत्या. म्हटलं, ही पोरगी आपल्या घरात येऊनही एवढीच राहिली, तर त्या घराला काय अर्थ?"

सून सासूच्या खांद्यावर कपाळ टेकून रडली, चांगली हुंदके देऊन. मावशी म्हणाल्या, "रड, रड, पण कापडावर नको, डाग पडतील," आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुपारपर्यंत कोट तयार झाला. सुनेने घातला, बटणं लावली. लागली सगळी. दोन्ही कुशींत काखेपासून खालपर्यंत गडद हिरवे पट्टे, शाळेतल्या पोरांसारखेच. मावशींनी मागून ओढून, पुढून ओढून पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून एक टीप आहे आत. काळजी करू नकोस, जेव."

सुनेने तो कोट अंगावर ठेवूनच फोन उचलला आणि माहेरी लावला. आईने विचारलं, काय गं, अशी भर दुपारी?

"आई, ते कापड सापडलं," सून म्हणाली.

"कुठलं कापड?"

"माझ्या कोटाचं. बाकीचं गेलं कुठं म्हणून तू विचारलं होतंस ना, ते."

आईला आठवायला थोडा वेळ लागला. "अगंबाई! कुठे होतं मग इतकी वर्षं?"

"माझ्याच कोटात गं. मला पुरावं म्हणून ठेवलं होतं," सून म्हणाली, आणि फोन मावशींच्या हातात दिला.